काच पुन्हा पुन्हा हिरवी का होते? घरच्या फिश टँकमधल्या शेवाळाचा हिशोब

रविवारी सकाळी काच घासून लख्ख करायची आणि पुढचा रविवार उजाडेपर्यंत तिच्यावर पुन्हा हिरवा थर, हा अनुभव घरात फिश टँक असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. मग कोणी दुकानातून शेवाळाचं औषध आणतं, कोणी सकर फिश सोडतं, कोणी अख्खा टँक रिकामा करून गोटे गरम पाण्यात धुऊन काढतं. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या सगळ्या खटपटीत आपण दिसणारं शेवाळ काढतो, पण ते ज्यावर जगतं ते पाण्यात तसंच राहू देतो. शेवाळ मारत बसण्यापेक्षा त्याचं रेशन तोडलं तर काम कितीतरी सोपं होतं. हे रेशन कुठून येतं आणि कसं तोडायचं, ते नागपूरच्या पाण्याचा आणि उन्हाचा विचार करून समजून घेऊ.

शेवाळाचं बी टँकमध्ये येणारच, हे आधी मान्य करावं लागतं. ते हवेतून येतं, नव्या वनस्पतीच्या पानाला चिकटून येतं, मासा आणलेल्या पिशवीतल्या पाण्यातून येतं. त्याला बाहेर ठेवणं कोणालाही जमलेलं नाही आणि तशी गरजही नाही. मागच्या काचेवरचा पातळ हिरवा थर हे तर चांगल्या टँकचं लक्षण आहे. मॉली आणि गप्पी दिवसभर तो टोचत असतात, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना त्यातले सूक्ष्म जीव खायला मिळतात. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा हा थर पानांवर चढतो, गोट्यांवर पसरतो आणि पाणीच हिरवं होतं. याचा अर्थ एवढाच, की तीन गोष्टींपैकी एखादी किंवा तिन्ही गरजेपेक्षा जास्त आहेत: प्रकाश, नायट्रोजन आणि फॉस्फरस.

विदर्भात शेततळ्यात किंवा छोट्या तलावात कटला-रोहू वाढवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो मत्स्यबीज सोडण्याआधी मुद्दाम पाण्यात शेणखत आणि सुपर फॉस्फेट टाकतो आणि पाणी हिरवट झालं की निश्चिंत होतो. शेणातून नायट्रोजन आला, खतातून फॉस्फरस आला, ऊन फुकट आहे. मग पाण्यात सूक्ष्म शेवाळ माजतं, त्यावर बारीक जीव पोसले जातात आणि त्यावर मासे. आपण दिवाणखान्यात नकळत हेच करतो. फरक इतकाच, की त्याला ते हवं असतं आणि आपल्याला नको असतं.

याचा एक फार स्वच्छ पुरावा कॅनडात आहे. ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २२६ क्रमांकाच्या तलावाला १९७३ साली डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला. दुसऱ्यात कार्बन, नायट्रोजन आणि सोबत फॉस्फरसही टाकला. ज्या भागात फॉस्फरस पडला तो हिरवागार झाला, पलीकडचा होता तसा राहिला. विमानातून काढलेल्या फोटोत एकाच तलावाचे दोन रंग दिसतात. ऊन, पाऊस, तापमान सगळं सारखं होतं, फक्त खुराक वेगळा होता. आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावात जलपर्णी पसरते तीही सांडपाण्यातून आलेल्या अशाच खुराकावर.

चिमटीतून येणारं खत

टँकमध्ये हा खुराक येतो कुठून? जवळजवळ सगळा आपल्या चिमटीतून. इथे थोडं गणित करू, कारण आकडा पाहिल्याशिवाय ही गोष्ट पटत नाही.

माशांच्या दाण्यांत साधारण ४५ टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. म्हणजे एक ग्रॅम दाण्यांत ७० मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रोजन आला. त्यातला पाव हिस्सा माशाच्या अंगी लागला असं धरलं, तरी उरलेला कल्ल्यांवाटे अमोनिया म्हणून आणि विष्ठेतून पाण्यात उतरतो. फिल्टरमधले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशा टँकमध्ये गोट्यांची जागा सोडली तर साधारण ५० लिटर पाणी बसतं. तेवढ्या पाण्यात एक ग्रॅम दाण्यांमुळे नायट्रेट लिटरमागे सुमारे ५ मिलिग्रॅमने वाढतं.

एक ग्रॅम म्हणजे किती, हे हातावर घेऊन पाहा. बारीक दाण्यांचा अर्धा छोटा चमचाही भरत नाही. घरात आजोबा सकाळी फिरून आल्यावर टाकतात, मुलगी शाळेतून आल्यावर टाकते, रात्री जेवणं झाल्यावर आणखी कोणी टाकतं. प्रत्येकाची चिमूट प्रेमाची, पण मिळून दिवसाला एक ग्रॅम सहज होतो. आठवड्याचं नायट्रेट झालं ३५. दाण्यांसोबत फॉस्फरसही येतोच, त्याला वेगळं आमंत्रण लागत नाही.

माणूस काचेजवळ आला की मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, त्यावरून ते उपाशी आहेत असं समजू नका. त्यांना माणूस आणि खाणं यांची सांगड कळलेली असते, बस. मोठा, धडधाकट मासा दोन-तीन दिवस काही न खाता मजेत राहतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच टाकावं आणि आठवड्यातून एक दिवस काहीच टाकू नये. डबी घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात द्यावी. शेवाळावरचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि नेमका हाच सर्वांत कमी लोक करतात. गोल्डफिश पाळणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. हा मासा खातो खूप, घाण करतो खूप, आणि दोन फुटी टँक त्याला मोठेपणी पुरत नाही.

पाणी टाकणं आणि पाणी बदलणं

साठलेलं नायट्रेट टँकमधून बाहेर काढायचे मोठे मार्ग दोनच: वनस्पतींनी ते शोषणं आणि आपण जुनं पाणी काढून नवं भरणं. फिल्टर नायट्रेट काढत नाही. साधा पॉवर फिल्टर किंवा स्पंज फिल्टर अमोनियाचं विष नायट्रेटमध्ये बदलतो आणि तिथे त्याचं काम संपतं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असलं तरी त्यात नायट्रेट भरपूर असू शकतं, कारण त्याला रंगही नाही आणि वासही नाही.

किती पाणी बदलायचं? समजा तुमच्या टँकमध्ये आठवड्याला नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅमने वाढतं. दर आठवड्याला फक्त दहावा हिस्सा पाणी बदललंत, तर नायट्रेट चढत चढत १०० पर्यंत जाऊन स्थिरावतं. पाव हिस्सा बदललंत तर ४० वर थांबतं. निम्मं बदललंत तर २० वर. सूत्र सोपं आहे: आठवड्याची वाढ भागिले बदललेला हिस्सा. वरच्या उदाहरणातल्या ३५ च्या वाढीला पाव हिस्सा पाणी बदलूनही आकडा १४० वर जातो. म्हणून आधी खाणं कमी करा, मग पाण्याकडे वळा, असा माझा आग्रह असतो.

आता नागपूरच्या उन्हाळ्याकडे येऊ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठाक होते, डोक्यावर पंखा अखंड फिरत असतो. अशा दिवसांत उघड्या टँकचं पाणी दिवसाला एक सेंटीमीटरपर्यंत खाली जाऊ शकतं. दोन बाय एकच्या टँकमध्ये एक सेंटीमीटर म्हणजे पावणेदोन लिटरहून जास्त. याच वेगाने महिन्याभरात अख्ख्या टँकएवढं पाणी उडून जातं आणि आपण ते भरत राहतो. आमच्या शेजारच्या काकूंचा प्रश्न असा असतो: "आम्ही तर रोज दोन तांबे पाणी टाकतो जी, मंग काहून हिरवं होते?"

त्या पाणी टाकतात, पण बदलत नाहीत. हवेत उडतं ते निव्वळ पाणी. नायट्रेट, फॉस्फेट आणि क्षार मागेच राहतात. बासुंदी आटवताना दूध कमी होतं, साखर कमी होत नाही. वर रोज टाकलेले दोन तांबे आपापले क्षार घेऊन येतात ते वेगळंच. नुसती भर घालत राहिलं तर महिन्याभरात पाण्याचा जडपणा जवळजवळ दुप्पट होतो. काचेच्या वरच्या कडेला आणि झाकणाच्या फटीत पांढरा खरखरीत थर दिसतो ना, तो याचाच. म्हणून उन्हाळ्यात क्रम लक्षात ठेवायचा: आधी सायफनने तळातलं पाणी काढायचं, मगच नवं भरायचं. रोजची नुसती भर घालायला घरच्या आरओचं शुद्ध पाणी उत्तम, कारण त्यात क्षार फार कमी असतात. पण त्याच आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी टँकमध्ये कधीही टाकू नका. पाण्याची बचत म्हणून पुष्कळ जण ते वापरतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार आणि नायट्रेट आणखी दाट होऊन उतरलेले असतात.

शहरात नळाचं पाणी पेंच आणि कन्हानचं येतं, शुद्ध करून आणि क्लोरीन मिसळून. हे क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना दोघांनाही घातक आहे. बादलीत रात्रभर उघडं ठेवलं तर ते बरंचसं निघून जातं, घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब वापरावेत. रात्रभर ठेवण्याचा दुसरा फायदा नागपूरकराला वेगळा सांगायला नको. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. ते थेट टँकमध्ये गेलं तर मासे शेवाळाची वाट पाहत बसणार नाहीत.

बोअरचं पाणी वापरत असाल तर एकदा ते तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि विदर्भातल्या कित्येक विहिरी-बोअरमध्ये ते त्याहून जास्त सापडतं. अशा पाण्याने टँक कितीही वेळा बदलला तरी आपण दर वेळी शेवाळाला ताजं ताट वाढत असतो. नायट्रेट मोजायच्या कागदी पट्ट्या माशांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात. एक पट्टी टँकच्या पाण्यात बुडवा, दुसरी बोअरच्या, आणि रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. काही वेळा दोन्ही पट्ट्या सारख्याच लाल निघतात आणि प्रश्न तिथेच सुटतो.

काढलेलं पाणी गटारात ओतू नका. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, कुठल्याही कुंडीला ते खतच आहे. त्यात औषध किंवा मीठ टाकलेलं असेल तेव्हाच ते झाडांना नको.

डिसेंबरातलं ऊन

प्रकाशाबद्दल एकच नियम सांगतात, की टँक उन्हात ठेवू नका. पण मे महिन्यात उन्हापासून लांब असलेला टँक डिसेंबरात उन्हात येतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे कललेला असतो, आकाशात जेमतेम अर्ध्या उंचीवर. मग दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या मध्यापर्यंत सरकतं आणि कपाटावर ठेवलेल्या टँकला रोज दोन-तीन तास गाठतं. लोक म्हणतात थंडीत पाणी आपोआप हिरवं झालं. आपोआप नाही, खिडकीने केलं. पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांचा हिशोब वेगळा, त्या उन्हाळ्यातही ऊन आत घेतात. टँकची जागा पक्की करण्याआधी वर्षभरात ऊन कुठे कुठे पोहोचतं याचा विचार करा. जागा बदलणं शक्य नसेल तर खिडकीच्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. दिसायलाही बरं दिसतं.

वरचा एलईडी दिवा दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. माशांना खरं तर त्याचीही गरज नसते, खोलीतला उजेड त्यांना चालतो. दिवा वनस्पतींसाठी आणि आपल्या डोळ्यांसाठी असतो. अडचण अशी की तो सकाळी लावला जातो आणि रात्री झोपताना आठवणीने बंद होतो, म्हणजे पंधरा-सोळा तास. विजेच्या दुकानातून साधा टायमर आणून प्लगमध्ये लावला की विषय संपला.

टँकमध्ये खऱ्या वनस्पती असतील तर त्या शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेतात, पण त्यासाठी झपाट्याने वाढणाऱ्या हव्यात. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट, पाण्यावर तरंगणारी पिस्टिया या सगळ्या इथल्या हवामानात बिनतक्रार वाढतात. हॉर्नवर्टला तर मातीही लागत नाही, नुसतं सोडून द्यायचं. आणखी सोपं हवं असेल तर मनीप्लांटची फांदी टँकच्या वर अडकवून मुळं पाण्यात सोडा. पानं हवेत राहतात, कार्बन हवेतून मिळतो, आणि मुळं रात्रंदिवस नायट्रेट ओढत असतात. मात्र दर थोड्या दिवसांनी वाढलेली वनस्पती कापून बाहेर टाकावी लागते. तिने शोषलेलं सगळं तिच्या अंगातच असतं, ती टँकमध्ये सडली तर ते परत पाण्यात येतं.

इथे एक इशारा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायच्या नादी लागू नका. वनस्पती उपाशी पडल्या की त्यांची जुनी पानं गळतात आणि त्यावर पहिला हक्क शेवाळाचाच. काचेवर कडक हिरवे ठिपके येतात, नखाने खरवडूनही निघत नाहीत असे, ते बऱ्याचदा फॉस्फेट फार कमी झाल्याचं लक्षण असतं. काही प्रकारचं नीलहरित शेवाळ तर नायट्रेट संपलेल्या पाण्यात उलट फोफावतं.

रंग बघून ओळखायचं

शेवाळाचा रंग आणि पोत बरंच काही सांगतो. नवीन टँकमध्ये दोन-तीन आठवड्यांनी काचेवर आणि गोट्यांवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो. हे डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म तपकिरी शेवाळ. बोट फिरवलं की पुसलं जातं. टँक जुना होत गेला की साधारणपणे ते आपलं आपण जातं, त्यासाठी काहीही विकत आणू नका. मऊ हिरवा थर काचेवर असेल तर जुनं एटीएम कार्ड हा उत्तम खरवडा आहे. लांब हिरवे केस गुंतले असतील तर जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढावेत आणि दिव्याचे तास कमी करावेत.

सगळं पाणीच हिरवं झालं असेल तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ असतं. माशांना त्याचा सहसा त्रास नाही, मात्र रात्री तेही प्राणवायू वापरतं, म्हणून एअर पंप चालू ठेवावा. पाणी बदलून ते जात नाही, उरलेलं दोन दिवसांत पुन्हा वाढतं. यावर खात्रीचे उपाय दोन: यूव्ही फिल्टर, म्हणजे पाणी अतिनील प्रकाशातून फिरवणारा फिल्टर, किंवा तीन-चार दिवस टँक जाड चादरीने पूर्ण झाकून काळोख करणं. काळोखात मासे सुखरूप राहतात. तेवढे दिवस खाणं टाकू नका, एअर पंप बंद करू नका, आणि चादर काढल्यावर निम्मं पाणी बदला. मेलेलं शेवाळ सडताना प्राणवायू खातं. पाणी २५ अंशांवर असताना त्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांवर सुमारे ७. म्हणजे मे महिन्यात आधीच टंचाई. जमलं तर काळोखाचा उपाय थंडीसाठी ठेवा.

उन्हाळ्यात पाणी गार ठेवायला छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडेल असा लावा. कोरड्या हवेत दोन-चार अंशांचा फरक पडतो. जुलैत हवा दमट झाली की तोच पंखा विशेष कामाचा राहत नाही. पंख्याने पाणी आणखी वेगाने उडतं, तेव्हा भर घालण्याचं गणित विसरू नका.

आता दोन चिवट प्रकार. पहिला नीलहरित. गोट्यांवर गडद हिरवा, निळसर झाक असलेला, बुळबुळीत पापुद्रा पसरतो. बोटाने उचलला तर अख्खा तुकडा निघून येतो आणि त्याला कुबट, मातकट वास येतो. वास आला की ओळख पक्की. हे खरं शेवाळ नव्हेच, हे जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. टँकमध्ये पाणी जिथे हलत नाही तिथे, बहुतेक वेळा पुढच्या काचेला लागून गोट्यांत, ते सुरू होतं. पापुद्रे सायफनने ओढून काढा, फिल्टरचं तोंड वळवून तिथे प्रवाह पोहोचवा, तीन दिवस काळोख करा. जिवाणू असल्यामुळे अँटिबायोटिकने ते मरतं खरं, आणि काही जण एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या टाकायला सांगतातही. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. माणसांच्या उपचाराचं औषध टँकमध्ये आणि तिथून गटारात सोडणं म्हणजे त्या औषधाला दाद न देणारे जंतू तयार करणं आहे. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू दगावण्याचा धोका वेगळाच. आणि नीलहरित असलेल्या टँकचा सायफन तोंडाने ओढून सुरू करू नका, यातले काही जीव विषारी द्रव्यं तयार करतात. नळी आधी पाण्याने भरून घ्या, म्हणजे तोंड लावावं लागत नाही.

दुसरा प्रकार काळ्या दाढीचा. अनुबियस किंवा जावा फर्नच्या पानाच्या कडेला, फिल्टरच्या तोंडाशी, लाकडावर काळेकरडे आखूड झुपके येतात. ओढून निघत नाहीत, बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. एक झुपका कापून स्पिरिटमध्ये टाका. हिरवं द्रव्य विरघळतं आणि झुपका लालसर होतो, कारण हे मुळात लाल शेवाळाच्या कुळातलं आहे. सावकाश वाढणारी पानं आणि साठलेला सेंद्रिय गाळ ही त्याची आवडती जागा. पान जुनं असेल तर सरळ कापून टाका. लाकडावर किंवा दगडावर असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडतं. फिल्टर बंद करून सिरिंजने थेट झुपक्यावर सोडायचं, दहा-पंधरा मिनिटांनी फिल्टर चालू करायचा. ३ टक्क्यांचं द्रावण असेल तर ५० लिटरला १५ मिलिलिटरच्या वर जाऊ नका. मेडिकलच्या दुकानात पुष्कळदा २० व्हॉल्यूम लिहिलेली बाटली मिळते, ती सुमारे ६ टक्क्यांची असते. म्हणजे मात्रा निम्मी. लेबल वाचल्याशिवाय सिरिंज भरू नका. काही दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे पडतात आणि तेव्हा मासेही ते खातात.

सकर फिश आणि बाटलीतली औषधं

दुकानात "शेवाळ खातो" म्हणून जो सकर फिश मिळतो, तो लहान असताना बोटाएवढा असतो आणि मोठा झाल्यावर फूटभराच्या पुढे जातो. तोपर्यंत शेवाळातला त्याचा रस संपलेला असतो आणि विष्ठा मात्र सगळ्या टँकपेक्षा जास्त असते. म्हणजे शेवाळाला आपण आणखी एक खतपुरवठादार आणून दिला. शेवाळ खाणारा जीव हवाच असेल तर नेराइट गोगलगाय, अमानो झिंगे किंवा लहानच राहणारा ब्रिसलनोज प्लेको बघा. नेराइटची अंडी गोड्या पाण्यात वाढत नाहीत, त्यामुळे तिची संख्या हाताबाहेर जात नाही. आणि मोठा झालेला सकर नको झाला म्हणून फुटाळ्यात किंवा कुठल्याही तलावात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतला हा मासा भारतातल्या अनेक जलाशयांत असाच पोचला आहे. तो इथे टिकतो, वाढतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो. दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठा टँक असलेल्या माणसाला द्या.

बाटलीतल्या शेवाळनाशकांपैकी काहींत तांबं असतं. झिंगे आणि गोगलगायी त्याने मरतात, आणि गोट्यांत मुरलेलं तांबं पुढे बराच काळ त्रास देतं. तुरटीचा प्रयोगही टाळा. पाणी नितळ दिसतं, पण त्याची आम्लता एकदम बदलते आणि काचेवरचं शेवाळ जिथल्या तिथे राहतं.

फिल्टरबद्दल एवढंच, की त्याचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत पिळून घ्या, म्हणजे जिवाणू जगतात आणि अमोनिया आटोक्यात राहतो. लाइट गेली आणि फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर त्या दिवशी मासे उपाशी ठेवा.

हे सगळं सुरू केल्यावर फरक पडतोय की नाही, हे डोळ्यांनी कळायला वेळ लागतो. काच घासली त्या दिवशी कॅलेंडरवर एक खूण करा आणि ती पुन्हा धूसर झाली की दुसरी. दोन खुणांमधलं अंतर वाढत गेलं तर रेशन तुटतंय. दीड-दोन महिन्यांत अंतर तेवढंच राहिलं, तर खाण्याची डबी अजून कोणाच्या हातात जाते ते बघा, आणि दुपारी बारा ते चार टँकसमोर बसून ऊन कुठून येतं ते तपासा.